गावातल्या नामशेष टॉकीजचा इतिहास कसा लिहावा

तालुक्याच्या गावातले थिएटर पाडले गेले की काही वर्षांतच त्याच्याविषयीचा एक ठरावीक लेख स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत येतो. त्यात मध्यंतरातला वडा असतो, ब्लॅकची तिकिटे असतात, पडद्यावर उधळलेली चिल्लर असते. मात्र थिएटर कोणत्या साली सुरू झाले, कोणाच्या जागेवर उभे होते, पैसा कोणी घातला आणि ते का बंद पडले, यांपैकी कशाचाच पत्ता नसतो. गावाचे नाव बदलले तर तोच लेख शेजारच्या तालुक्यातही खपून जाईल. ज्यांना यापुढे जाऊन आपल्या गावच्या टॉकीजचा खरा इतिहास लिहायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील पद्धत सांगितली आहे. थिएटर म्हणजे एक इमारत, एक परवाना आणि एक धंदा. या तिन्हींनी कागद मागे ठेवलेले असतात. आधी ते कागद शोधावेत आणि मग त्यांच्या आधाराने आठवणी तपासून घ्याव्यात, कारण आठवणींपासून सुरुवात केली की पुढे सापडलेला प्रत्येक कागद त्या आठवणींना जुळवून वाचण्याचा मोह होतो.

जागा आणि तिचे कागद

थिएटर नेमके कोठे उभे होते, हे प्रथम ठरवावे. गावाला ‘स्टँडच्या मागे’ एवढी खूण पुरते; सरकारी दप्तराला नगर भूमापन क्रमांक लागतो. आज त्या जागी व्यापारी संकुल असो, मंगल कार्यालय असो किंवा पत्रे ठोकून अडवलेला मोकळा प्लॉट असो, त्याचा क्रमांक नगर भूमापन कार्यालयातल्या नकाशावरून मिळतो. तो हाती आला की मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा. जागा कोणाकडून कोणाकडे गेली याच्या नोंदी पत्रिकेवर तारखांसह असतात आणि प्रत्येक नोंदीमागे खरेदीखत, वारसनोंद, भाडेपट्टा किंवा गहाणखत असते. थिएटर गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधलेले असेल, तर सातबारा, त्याचे फेरफार आणि बिनशेती आदेश पाहावा. जमीन कोणत्या कारणासाठी वापरणार हे बिनशेती आदेशात लिहिलेले असते, त्यामुळे बांधकाम सुरू होण्यापूर्वीची एक पक्की तारीख सापडते. बोजाच्या नोंदी वगळू नयेत. थोड्या वर्षांत एकामागून एक बोजे चढलेले दिसले, तर धंदा कधी ओढगस्तीला आला हे कोणत्याही मुलाखतीपेक्षा तेथे स्पष्ट कळते.

नगरपालिकेत दोन दप्तरे मागावीत: घरपट्टीची आकारणी नोंदवही आणि सभांची इतिवृत्ते. आकारणी नोंदवहीत मालक आणि भोगवटादार यांचे रकाने वेगळे असतात आणि लहान गावांतल्या थिएटरांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण इमारत एकाची आणि ती चालवायला घेतलेली दुसऱ्याने, अशी पद्धत सर्रास होती. गाव ज्याला ‘थिएटरचा मालक’ म्हणून ओळखते तो पुष्कळदा चालक निघतो. इतिवृत्तांत जागा भाड्याने देण्याचे ठराव, रात्रीच्या खेळाच्या गोंगाटाबद्दलचे अर्ज, रस्त्यातल्या रांगांची तक्रार, पाण्याच्या जोडणीची मागणी अशा नोंदी सापडतात. थिएटरसंबंधीचे ठराव अनुक्रमणिकेत बहुधा दिसत नाहीत, म्हणून वह्या पानापानाने चाळाव्या लागतात. या कामाला दुसरा सोपा मार्ग नाही.

इमारतीचा काही भाग उरला असेल, तर तो मोजून घ्यावा आणि त्याचा आराखडा काढावा. गोदाम किंवा कापडाचे दुकान झालेल्या इमारतीतही मागच्या भिंतीत उंचावर लहान चौकोनी खिडक्यांच्या जोड्या बुजवलेल्या दिसतात. प्रत्येक जोडीतली एक खिडकी प्रोजेक्टरच्या झोतासाठी आणि दुसरी ऑपरेटरला पडदा दिसावा म्हणून असे. दोन जोड्या असतील तर तेथे दोन प्रोजेक्टर होते, म्हणजे रीळ बदलताना खेळ थांबवावा लागत नव्हता. एकच जोडी असेल तर प्रत्येक रीळ संपल्यावर अंधारात ओरडा होत असणार. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, त्यामुळे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत आणि दोन हजार फुटांचे बावीस मिनिटांत संपते, एवढ्या हिशेबावरून प्रेक्षकांचा अनुभव बराचसा समजतो. जमिनीचा उतार, बाहेरच्या बाजूला उघडणारी रुंद दारे आणि बाल्कनीचे तुळईचे खाच यांचीही छायाचित्रे घ्यावीत. रंगमंचाची खोली, विंगा किंवा मेकअपची खोली आढळली, तर ती वास्तू आधी नाटकाचे थिएटर असण्याची शक्यता आहे. पुण्याचे विजय टॉकीज पूर्वी लिमये नाट्यचित्र मंदिर होते आणि त्या जुन्या नावातच दोन्ही धंदे एका छपराखाली नांदत असल्याची नोंद आहे.

परवाना आणि कर

या विषयातले सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी वापरले गेलेले साधन म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली परवान्याची धारिका. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून सिनेमा दाखवण्यास परवाना लागू लागला. मुंबई राज्यात १९५३ मध्ये चित्रपटगृहांच्या विनियमनाचा स्वतंत्र कायदा झाला. नवे थिएटर बांधण्यापूर्वी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागे आणि त्यासाठी जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती मागवल्या जात. धारिकेतल्या या हरकती आवर्जून वाचाव्यात. शाळेजवळ थिएटर नको, देवळाच्या वाटेवर नको, तरुण पोरे बिघडतील, आधीच एक असताना दुसरे कशाला, अशा अर्जांतून त्या काळचे गाव बोलते. शेवटच्या प्रकारच्या अर्जामागे बहुधा आधीच्या थिएटरचा चालक असतो, हेही ध्यानात ठेवावे. त्याच धारिकेत आसनांची वर्गवार संख्या, इमारतीचा नकाशा, सार्वजनिक बांधकाम खात्याचे आणि विद्युत निरीक्षकांचे तपासणी अहवाल, नूतनीकरणाच्या तारखा आणि दंडाच्या नोटिसा असू शकतात.

दुसरा धागा करमणूक कराचा. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने तिकिटावर करमणूक शुल्क बसले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर ते त्यात विलीन झाले. मधल्या काळात थिएटरने रोज किती तिकिटे विकली याचा हिशेब सरकारला जात असे. वितरकालाही रोजचा हिशेब द्यावा लागे; धंद्यातले लोक त्या कागदाला डीसीआर म्हणतात. असा एखादा कागद हाती आला तर तो नीट वाचायला शिकावे. त्यावर वरच्या बाजूला चित्रपटाचे नाव, तारीख आणि कितवा आठवडा हे असते; खाली प्रत्येक वर्गासमोर तिकिटाचा दर, सुरुवातीचा अनुक्रमांक, अखेरचा अनुक्रमांक, विकलेली तिकिटे, एकूण रक्कम, त्यातून वजा केलेला कर आणि उरलेली निव्वळ रक्कम असते. या निव्वळ रकमेवरच वितरकाचा वाटा ठरे. एका शुक्रवारचा आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारचा डीसीआर शेजारी ठेवले की बाजाराच्या दिवशी बाकड्यांचा वर्ग भरलेला आणि एरवी बाल्कनीत मोजकी माणसे, असे चित्र आकड्यांतूनच उभे राहते. दहा वर्षांच्या अंतराने असे दोन आठवडे जरी मिळाले, तरी ‘थिएटर नेहमी हाऊसफुल्ल असायचे’ या विधानाची परीक्षा होते.

हे कागद मागण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उपयोगी पडतो. अर्जासोबत दहा रुपयांचे शुल्क भरावे लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. माहिती नाकारली गेली किंवा उत्तर आले नाही, तर पहिले अपील करता येते. ‘थिएटरसंबंधी सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केल्यास ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. थिएटरचे नाव, गाव, अंदाजे वर्षे आणि धारिकेचा प्रकार स्पष्ट लिहावा आणि प्रतींऐवजी आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी. सरकारी अभिलेखांची वर्गवारी केलेली असते. काही कायम जपले जातात आणि बाकीचे मुदत संपली की नष्ट होतात. धारिका नष्ट झाल्याचे सांगितले, तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतली ती ओळ मागावी. धारिका केव्हा उघडली आणि केव्हा बंद झाली हे त्या ओळीवरूनही कधीकधी कळते.

थिएटर जुने असेल तर आपले गाव तेव्हा कोणत्या राज्यात होते, याचा विचार केल्याशिवाय दप्तर शोधायला निघू नये. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथले जुने कागद उर्दूत असण्याची आणि त्यांवर फसली सन (महसुली कालगणनेचे साल) असण्याची शक्यता मोठी आहे. त्या सनात ५९० मिळवल्यास इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५५ हे वर्ष १९४५-४६ मध्ये पडते. विदर्भाचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताकडे होता. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांत १९४८-४९ च्या विलीनीकरणापर्यंत परवानगी दरबार देत असे, त्यामुळे कोल्हापूरच्या वाचकाने तेथल्या पुरालेखागारापासून सुरुवात करावी. गोव्यात १९६१ पूर्वीचा व्यवहार पोर्तुगीजमध्ये सापडेल. चित्रपट वितरणाचे प्रदेशही साधारण याच जुन्या सीमांवर बेतलेले राहिले. वऱ्हाडातल्या थिएटरला फिल्मच्या पेट्या अमरावती किंवा भुसावळच्या वितरकाकडून येत आणि मुंबईशी त्याचा थेट संबंध क्वचितच येई.

तारखा पक्क्या करणे

थिएटरला जन्माच्या तीन तारखा असतात: बांधकामाची, परवान्याची आणि पहिल्या खेळाची. मरणाच्याही तीनच असतात: शेवटचा खेळ, परवान्याचे नूतनीकरण थांबणे आणि इमारत पाडणे. लोक यांची सरमिसळ करतात आणि ‘१९६२ साली झाले’, ‘नाही, १९६४ साली’ असा वाद वर्षानुवर्षे चालतो. खरे म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. पुण्यातल्या आर्यन सिनेमाचे टप्पे सरळ आहेत. गंगाधरपंत पाठकांनी ७ फेब्रुवारी १९१५ रोजी मंडईजवळ तो सुरू केला, १९८३ मध्ये तो पाडला गेला आणि त्या जागी वाहनतळ आले. सगळ्या गावांना इतकी स्वच्छ मांडणी लाभत नाही. इमारत बंद अवस्थेत वीस वर्षे उभी राहते, अधूनमधून तिच्यात वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात, एखादा चालक सहा महिने पुन्हा खेळ लावून पाहतो. हे सगळे टप्पे वेगवेगळे नोंदवावेत.

आठवणीतली तारीख चित्रपटावरून ठरवताना एक नियम पाळावा: चित्रपटाच्या प्रदर्शनाचे वर्ष ही फक्त आधीच्या बाजूची मर्यादा असते, म्हणजे त्यापूर्वी तो गावात लागलेला नसतो, एवढेच त्यावरून ठरते. प्रिंटा मोजक्या असत, मोठ्या शहरांतून उतरल्यावर त्या जिल्ह्याच्या गावी जात आणि तालुक्याला येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज उलटत. शिवाय गाजलेला चित्रपट पुनःपुन्हा लागे. ‘शोले’ मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. समजा, आपल्या गावच्या टॉकीजचे ‘शुक्रवार ता. ६ ऑगस्टपासून’ असे छापलेले त्याचे हँडबिल मिळाले आणि त्यावर साल नाही, कारण हँडबिलावर ते सहसा नसतेच. आता दिनदर्शिका पाहावी. ६ ऑगस्टला शुक्रवार १९७१, १९७६ आणि १९८२ या वर्षी आला होता. १९७१ बाद होते; १९७६ आणि १९८२ यांपैकी कोणते, हे तिकिटाच्या दरावरून, हँडबिल छापणाऱ्या मुद्रणालयाच्या नावावरून किंवा त्या दोन वर्षांतल्या स्थानिक साप्ताहिकाच्या जाहिरातींवरून ठरते.

इतर खुणाही अशाच वापराव्यात. ‘मुके सिनेमे आम्ही इथेच पाहिले’ असे कोणी वडिलांच्या हवाल्याने सांगितले, तर भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ चा आणि मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, हे लक्षात घेऊन ते थिएटर तीसच्या दशकाच्या आरंभापूर्वीचे आहे का, की त्या आठवणीत जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाची मिसळ झाली आहे, हे तपासावे. पक्क्या इमारतीच्या आधी त्याच मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू लागत असे, असे अनेक गावांत घडले आहे आणि मग दोन्हींच्या आठवणी एक होतात. पडदा रुंद केल्याची आठवण निघाली तर ती १९५९ नंतरची समजावी, कारण भारतात तयार झालेला पहिला सिनेमास्कोप चित्रपट त्या वर्षी आला. गावात वीज कधी आली हेही विचारावे. थिएटर त्याआधीचे असेल, तर ते स्वतःच्या ऑइल इंजिनावर चालत असणार, आणि इंजिनाचा आवाज हा शेजाऱ्यांच्या तक्रारींचा हमखास विषय असतो.

माणसांकडून काय विचारावे

मालकाच्या कुटुंबाकडे सगळ्यात शेवटी जावे. त्यांच्याकडे सांगण्यासारखी एक तयार हकिकत असते आणि ती ऐकल्यावर पुढचे प्रश्न तिच्याच चाकोरीत पडतात. कागद आणि कामगार यांच्याकडून माहिती घेऊन गेल्यास बोलणे नेमके होते. आधी ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगचा कारकून, बॅनर रंगवणारा पेंटर, टांग्यातून किंवा रिक्षातून भोंग्यावर जाहिरात करणारा, सायकल स्टँडवाला, कँटीनवाला आणि एसटीतून किंवा रेल्वेतून फिल्मच्या पेट्या आणणारा माणूस यांना गाठावे. ऑपरेटरला प्रोजेक्टरची कंपनी, त्याच्या झोतासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धूर, त्यांची जागा झेनॉनच्या दिव्याने कधी घेतली, तुटलेली फिल्म कशी जोडत, असे विचारले की तो खुलतो. ‘त्या काळी कसे वाटायचे’ असे विचारले की पुरवणीतल्या लेखातलीच वाक्ये कानावर पडतात.

साल विचारू नये. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कामाला होता का?’, ‘आणीबाणीत खेळांच्या वेळा बदलल्या होत्या का?’ असे विचारावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा आहे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. अशा घटनांच्या मधल्या जागेत सांगणाऱ्याची स्मृती बरीच भरवशाची असते. बायकांना वेगळे आणि घरातल्या पुरुषांच्या गैरहजेरीत विचारावे: सिनेमाला कोणाबरोबर जात, कोणत्या खेळाला, बसायची बाजू वेगळी होती का, आणि जाऊ दिले जात नसे तर कोण अडवत असे. कोण कोठे बसे, याचे उत्तर तिकिटाच्या दरातच दडलेले असते असे मानू नये. ज्या वस्तीतले लोक पुढच्या बाकड्यांवर बसत, त्या वस्तीत जाऊनच ते विचारावे लागते. पिटातल्या प्रेक्षकाचा इतिहास बाल्कनीतल्या माणसाकडून घेतलेला असेल, तर तो अर्धाच असतो.

प्रत्येक मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि ध्वनिमुद्रणाला दिलेली संमती लिहून ठेवावी. वारसांचे वाद पुष्कळ थिएटरांच्या मुळाशी असतात. त्यांबद्दल ऐकलेले ते ऐकीवच राहू द्यावे, आणि न्यायालयाच्या निकालात किंवा नोंदणीकृत दस्तात जे आले आहे तेवढेच छापावे.

का बंद पडले

‘टीव्हीने थिएटर मारले’ हे उत्तर तारखांसमोर अनेकदा टिकत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण तालुक्याच्या गावांत चित्र दिसू लागले ते बहुतेक ठिकाणी १९८२ नंतरच्या काही वर्षांत, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरल्यावर. आपले थिएटर १९७९ मध्ये बंद पडले असेल, तर टीव्ही निर्दोष आहे; तेव्हा भाडेपट्ट्याची मुदत, भावांमधली वाटणी, स्टँडजवळच्या जागेला आलेला भाव किंवा वितरकाची थकबाकी यांकडे पाहावे. १९८५ च्या आसपास बंद पडले असेल, तर गावातल्या व्हिडिओ पार्लरांची संख्या आणि त्यांच्या परवान्यांची वर्षे शोधावीत. त्यानंतरचे असेल तर केबल, आणि २०१० नंतरचे असेल तर डिजिटल यंत्रणेचा खर्च, कारण फिल्मच्या प्रिंटा येणेच थांबल्यावर जुना प्रोजेक्टर उत्तम चालत असूनही निरुपयोगी ठरला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बंद झालेली काही थिएटरे पुन्हा उघडलीच नाहीत. तेथेही बंद होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब पाहिल्याशिवाय सगळा दोष महासाथीवर टाकू नये. जागेवर नवे बांधकाम झाले असेल, तर बांधकाम परवानगीच्या अटी वाचाव्यात, कारण नव्या संकुलात लहान चित्रपटगृह ठेवण्याची अट तीत घातलेली असू शकते, आणि ती पाळली गेली की नाही हे जागेवर जाऊन पाहता येते.

लेखन आणि जतन

लिहिताना प्रत्येक विधानाजवळ त्याचा आधार कोणत्या प्रकारचा आहे हे वाक्यातच सांगावे: मिळकत पत्रिकेनुसार, जाहिरातीवरून, दोन कामगारांच्या सांगण्यावरून. दोन आधार जुळत नसतील तर दोन्ही द्यावेत. चित्रपटांची लांबलचक यादी परिशिष्टात घालावी; मजकुरात तिला जागा देऊ नये, कारण तेच चित्रपट शेजारच्या गावातही लागले होते. त्याऐवजी नोकरीला किती माणसे होती, पगार कसा होता, तिकिटाचा दर कोणत्या वर्षी किती झाला, आगीचे किंवा अपघाताचे प्रसंग कोणते, यांवर पाने खर्चावीत. छायाचित्रे वापरताना ती कोणी काढली हे विचारून परवानगी घ्यावी. प्रकाशित छायाचित्राचे स्वामित्व २०१२ च्या कायदादुरुस्तीपूर्वी प्रकाशनानंतर साठ वर्षे टिके; आता ते छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते.

मिळालेली हँडबिले, तिकिटे आणि गाण्यांच्या पुस्तिका टेपने चिकटवू नयेत किंवा लॅमिनेट करू नयेत. दोन्ही बाजूंची सपाट प्रतिमा घेऊन त्या आम्लरहित कागदात ठेवाव्यात. पुस्तिकेवर थिएटरचा रबरी शिक्का असेल तर तो वेगळा टिपावा. लेखाची एक छापील प्रत, मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि कागदांच्या प्रतिमा गावच्या सार्वजनिक वाचनालयात नोंद करून द्याव्यात आणि पोच घ्यावी. रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर येथे एकोणिसाव्या शतकापासूनची नगर वाचनालये आहेत. आसपासच्या गावांनी त्यांचाही विचार करावा. चित्रपटांशी थेट संबंध असलेले साहित्य, म्हणजे पोस्टर, पुस्तिका आणि स्थिरचित्रे, १९६४ मध्ये स्थापन झालेले पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जमा करते. मालकाच्या घरी डीसीआरच्या फायली असतील आणि ते त्या रद्दीत घालण्याच्या बेतात असतील, तर लेखाचे काम बाजूला ठेवून आधी त्या फायलींच्या प्रतिमा घ्याव्यात.